दाराबाहेरच्या चपला

आमच्या स्वयंपाकघरात चपलांचा वास येऊ लागला, तेव्हा आईने ख्रिस्ताचा मार्ग धरून दोनेक वर्षे झाली होती. ओले रबर, रस्त्याची धूळ आणि एका जोडाला चिकटलेला मासळीचा खारट दर्प, असा तो वास होता. शुक्रवारच्या दुपारी तो फोडणीच्या वासावरही मात करी.

मासळीचा जोड डोंगरीच्या म्हाताऱ्या कोळणीचा. पूर्वी ती शांती नगरात आमच्या इमारतीखाली पाटी घेऊन बसे. वडिलांच्या शेवटच्या आजारात पाटी रिकामी झाली की ती वर येई, त्यांच्या उशाशी बसे आणि हलक्या आवाजात प्रार्थना करी. वडील वाचले नाहीत. आई मात्र त्या प्रार्थनेपाशी थांबली ती थांबलीच. रायगडहून मामाने फोनवर एवढेच विचारले, "बाटलीस ना शेवटी?" आणि पुढे, "गौरीला येऊ नकोस." आईने फोन ठेवला आणि मळलेल्या कणकेवर ओले फडके घातले. त्या वर्षीपासून भाद्रपदात आमच्या घरी कोणाचे बोलावणे आले नाही.

शुक्रवारी आमच्याकडे प्रार्थनेला सहा-सात बायका जमत. दाराबाहेर चपलांची रांग लागे, आणि त्या रांगेवरूनच तक्रार झाली. सोसायटीचे सेक्रेटरी एका संध्याकाळी आले. माणूस वाईट नव्हता. गुडघेदुखीने जिना चढून दमला होता.

"ताई, प्रार्थना करा, मला प्रॉब्लेम नाहीये. पण बाहेर चपलांची लाइन दिसली की लोक मला फोन करतात. कितने लोग आते हैं, क्यूँ आते हैं. परत तक्रार आली तर मला हे बंद करावं लागेल. मला लाइन दिसायला नको, बस."

आईने ते शब्दशः घेतले. पुढच्या शुक्रवारपासून चपला वर्तमानपत्रावर, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. दार बंद, खिडक्या बंद, गाणी ओठांतल्या ओठांत. बंद खोलीत श्वासांची ऊब साचे आणि शब्दांना कुजबुजीची धार येई. मला ते शहाणपणाचे वाटले होते. पण लपवलेल्या गोष्टीला माणसे स्वतःच आकार देतात. समोरच्या रत्नागिरीच्या काकूंनी जिन्यात आईला गाठले. "काय हो, कुजबुज ऐकू येते आणि माणसं दिसत नाहीत. उडत येतात का तुमच्या बायका?" त्या हसल्या, आई हसली नाही. महिन्याभरात आई पोळ्या करायला जायची त्यांतली दोन घरे सुटली. "हिच्या घरात दार लावून काहीतरी चालतं," असे एकीकडे सांगितले गेले. दुसरीकडे काही सांगण्याचीही गरज पडली नाही.

एका शुक्रवारी डोंगरीची म्हातारी उंबऱ्यातच अडून राहिली. चपला हातात.

"बाय, जितं भाकर भाजतेस तितं पायतान ठेवू? इतके दिस ठेवलं, आता न्हाय ठेवनार. आपुन काय चोरी केली हाय?"

आई ओट्याशी गेली. मग वाकून तिने एकेक जोड उचलला, बाहेर नेला आणि रांगेने मांडला. दार उघडे ठेवले. त्या दुपारी बायका पुऱ्या आवाजात गायल्या. नेहमीप्रमाणे आईने आजाऱ्यांसाठी मागितले, आणि सेक्रेटरींच्या गुडघ्यासाठीही. प्रार्थना संपवून डोळे उघडले आणि बाहेर आलो तर रांग नव्हती. चपला जिन्यावरून खाली भिरकावलेल्या होत्या. काही मधल्या मजल्यावर, काही थेट गटाराशी. कोणी फेकल्या ते कळले नाही, आईने विचारलेही नाही. ती खाली उतरली, बादलीत पाणी घेऊन एकेक चप्पल धुतली आणि जोड लावले. म्हातारीची एक सापडलीच नाही. ती आईच्या चपला घालून बस पकडायला गेली. पावलांना त्या मोठ्या होत्या, आणि तिच्या फटफट चालण्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत राहिला.

आता कोणी येणार नाही, असे मी म्हणाले. आई म्हणाली, "न येवोत. शुक्रवार तर येईल."

पुढच्या शुक्रवारी तिने दार उघडले, पायरी ओल्या फडक्याने पुसली आणि बाजारातून आणलेल्या आपल्या नव्या चपला बाहेर मांडल्या. तिला कुठेही जायचे नव्हते. ती आत येऊन चटईवर बसली. काकूंचे दार किलकिले झाले आणि मिटले. बराच वेळ बाहेर तो एकच जोड होता.

मग जिन्यात पावले वाजली. तिघी आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. सर्वांत शेवटी म्हातारी, धापा टाकत. आईच्या जुन्या चपला तिने पिशवीतून काढून परत दिल्या आणि पायातल्या झिजलेल्या, सुतळीने बांधलेल्या चपला त्या नव्या जोडाशेजारी काढून ठेवल्या.

"आज मुद्दाम फाटकी घातली हाय," ती म्हणाली. "फेकू दे किती फेकायची ती."