दोन्ही खरं म्हणणारा शिरी

शिरी गेल्याचा फोन आला, त्याच संध्याकाळी त्याचा हसरा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरू लागला. खाली मजकूर होता, 'लशीनं आणखी एक तरुण नेला.' माझ्या धाकट्या भावाला नेलं ते कोरमंगलाच्या सिग्नलपाशी उलट्या दिशेनं आलेल्या टेम्पोनं. मी तसं लिहिलं, तर मामांचं उत्तर आलं, 'त्याआधी चक्कर आली असेल.' आता गेलेल्या माणसाला विचारायचं कुणी...

मामांना निमित्त होतं, हे मान्य करते. करोनाच्या त्या वर्षी, पहिल्या डोसनंतर काही दिवसांनी शिरीचं डोकं असह्य दुखू लागलं. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. लशीमुळेच झालंय, पण असं फार क्वचित होतं, वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. शिरी बरा झाला, पूर्वीसारखी गाडी चालवू लागला. सुटला नाही तो लोकांच्या तावडीतून. मामा त्याला प्रत्येक मुंजी-बारशाला पुढे ढकलायचे, सांग रे तुला काय झालं ते. एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसातले मित्र बजावायचे, कुठे बोलू नकोस, लोक उगाच घाबरतील. इकडे आड, तिकडे विहीर. आणि माझा भाऊ मुळात भिडस्त.

आईनं तर लशीचं नावच टाकलं होतं. तिला साखर, त्यात दमा. तिला लस चालेल ना, असं शिरीनं डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि एक दिवस तिला रिक्षात घालून जयनगरच्या लशीच्या केंद्रावर घेऊन निघाला. मी दारातच अडवलं. मरता मरता वाचलास आणि तिला नेतोस, म्हणून नको नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, मला झालं ते खरं. आईला करोना झाला तर झेपणार नाही, हेही खरं. मी दोन्ही म्हणणार. सरी? पटतं ना?" आईला दिवसभर ताप आला. दुसऱ्या दिवशी उठून तिनं चहा पांचट झाल्याबद्दल मलाच झापलं.

तेराव्याला घर भरलं होतं. मामा आईच्या शेजारी बसून 'तेव्हाच सांगत होतो' म्हणत होते, समोरून चुलतभाऊ त्यांचं बोलणं तावातावानं खोडून काढत होता. मध्ये आई, मान खाली घालून. शिरीबद्दल कुणी बोलतच नव्हतं. तो लवंगा खायचा, जुने रेडिओ दुरुस्त करायचा, यातलं काही नाही. मी ताट उचललं आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. ताट तसंच मांडीवर राहिलं.

थोड्या वेळानं जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला. दुखऱ्या गुडघ्यांनी आई वर आली होती.

"स्वल्प सरक, मला जरा टेकू दे," ती म्हणाली. "घरात माणसं जमली की तो इथंच जेवायचा. ताट मीच आणून द्यायची."

मला हे कधीच माहीत नव्हतं... खालून मामांनी तिला हाक मारली. आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या ताटातला भात कालवायला घेतला.