भुवईनं बोलणाऱ्या मावशी

सिनेमातली हिरॉईन म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला कळलं. काळा गॉगल, पांढरं कुत्रं, गेटवर वॉचमन. पुसून टाका. आमच्या शेजारच्या मावशी शेवगावच्या बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात. पण एक सांगतो, आख्ख्या नगर जिल्ह्यात मावशींइतकी गप्प बाई नाही आणि मावशींइतकी बोलणारीपण नाही. उंबऱ्याच्या आत एक, बाहेर दुसरी.

तरुणपणी मावशींनी बरेच पिक्चर केले. बहुतेकांत त्या इंटरव्हलच्या आत मरायच्या. कधी विहिरीत, कधी सापानं, एकदा तर नुसत्या वाईट बातमीनं. चेहरा असा, की थेटरात बायकांचे पदर भिजायचे. पण बोलणं पक्कं शेवगावचं, आणि आवाज म्हणजे उसाचा ट्रॅक्टर चढाला लागलेला. डायरेक्टर म्हणाला, चेहरा ठेवू, आवाज बदलू. मग डबिंगला पुण्याची एक बाई आणली, साखरेच्या पाकात मुरलेली. दर पिक्चरला तीच. वर मावशींना ताकीद, लोकांत तोंड उघडायचं नाही, पब्लिकचा मूड जातो. पुढं डायरेक्टर गेला, कंपनी बुडाली, थेटराचं मंगल कार्यालय झालं, पण मावशी ती ताकीद पाळतच राहिल्या. सत्काराला हात जोडायचे, हसायचं, नारळ घ्यायचा, बसायचं. बाजारात घासाघीस भुवईनं. डावी भुवई वर गेली की भेंडीवाला आपोआप खाली येतो. खरा आवाज आमच्या गल्लीला माहीत, पण गल्लीनं कधी गावाला सांगितलं नाही.

दिवसभराचं साठलेलं मग घरात बाहेर पडतं, आणि ते झेलायला मी असतो. चहाला गेलो की दारातूनच परत. "ही काय एन्ट्री हाय व्हय? म्हस गोठ्यात शिरल्यावानी! जा, पुन्यांदा घे." मी बाहेर जाऊन परत आत येतो. दोन-तीन टेक झाल्याशिवाय चहा नाही. मूड असला तर मावशी खुर्चीत बसल्या बसल्या मरून दाखवतात, हातातली बशी न सांडता.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मावशी प्रमुख पाहुण्या, आणि मी माजी विद्यार्थी म्हणून मिमिक्रीला. हेडसरांचा खोकला काढला, एसटीचा कंडक्टर काढला, टाळ्या पडल्या आणि माझं डोकं फिरलं. म्हणलं, "आता आपल्या पाहुण्या!" लोक पाकातल्या आवाजाची वाट बघत सरसावून बसले. माझ्या तोंडून निघालं ते घरातलं, "ही काय एन्ट्री हाय व्हय?"

कोणी हसेना. मागून एक काका उठले. "ए पोरा, बाईंची टिंगल करतो का? असा हाय का त्यांचा आवाज?"

जन्मभर झाकून ठेवलेलं मी माईकवर उघडं पाडलं होतं. मावशी उठल्या. वाटलं, चालल्या आता, परत दारातसुद्धा उभं करणार नाहीत. पण त्या स्टेजच्या मधोमध आल्या, माझ्या हातातला माईक घेतला आणि गावापुढं पहिल्यांदा बोलल्या.

"असाच हाय, भाऊ. पिक्चरात रडले मी, आन आवाज पुन्याच्या बाईचा. चांगली हुती बिचारी. पर ह्यो माजा."

पहिली टाळी त्या काकांचीच.

घरी आल्यावर मी माफीसाठी तोंड उघडतोय तोच मावशी सुटल्या. "माफीचं ऱ्हाऊ दे! 'व्हय' नाकातनं काढतो व्हय रं मेल्या? पोटातनं काढ! जन्मात पैल्यांदा माजा आवाज लोकांम्होरं आला, आन त्यो बी तू असा पडसं झाल्यावानी काढला! पुन्याच्या बाईचा आवाज पिक्चरात ऱ्हाईल. माजा कुटं ऱ्हानार हाय? तुज्याच घशात ना? मग नीट शीक. जा बाहीर, पुन्यांदा घे."

मी बाहेर गेलो. उंबऱ्याशी जरा जास्तच वेळ थांबलो, डोळे पुसत. तर आतून ट्रॅक्टर चढाला लागला,

"आता काय मुहूर्त बगतो व्हय? चा निवला की रं!"