फूस लावून

आमच्या कोर्टाच्या फाटकाबाहेर टायपिस्टांची सहा टेबलं आहेत. पाचवं बाईंचं, सहावं माझं. मी बडबड्या माणूस आणि शेजार मिळाला तो असा, की "पंखा जरा इकडे वळवा" यापलीकडे शब्द नाही. डबा त्या भिंतीकडे तोंड करून खातात. एका खोलीत एकट्या राहतात. मी सुरुवातीला त्यांना शिष्ट समजत होतो. खरी गोष्ट मला एका म्हाताऱ्या वकिलांनी सांगितली.

बाई तेव्हा सतरा वर्षं आठ महिन्यांच्या होत्या. टायपिंगच्या क्लासात शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या मुलाला अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. अंतर सात महिन्यांचं. दोघांचं जमलं, घरी कळलं आणि बाईंचा क्लास बंद झाला. मग बाईंनीच बसची दोन तिकिटं काढली आणि त्याला घेऊन मावशीचं गाव गाठलं. तिसऱ्या दिवशी वडील पोलिसांना घेऊन दारात हजर. तक्रारीत लिहिलं होतं, 'माझ्या अल्पवयीन मुलीस फूस लावून पळवून नेले.'

कोर्टात बाई म्हणाल्या, "साहेब, फूस लावलीच असेल तर मी लावली. तो तर बसमध्ये चढायलाच तयार नव्हता." हशा पिकला. न्यायाधीश भले गृहस्थ होते. म्हणाले, "मुली, तू खरं बोलतेयस. पण अठराच्या आतल्या मुलीचा होकार आपला कायदा ग्राह्य धरत नाही. काही देशांत दोघांच्या वयात थोडंच अंतर असेल तर सूट असते. आपल्याकडे नाही." मुलगा चार वर्षं आत गेला. सुटून आला त्या दिवशी बाई त्याच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. त्याने त्यांना पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडून निघून गेला. बाईंनी पुढे लग्न केलं नाही.

एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

एका मंगळवारी दुपारी एक आई मुलीचा दंड धरून बाईंच्या टेबलाशी आली. मुलगी दोन रात्री घराबाहेर होती म्हणे, आणि आईला तिच्याबरोबरच्या मुलावर तक्रार करायची होती. बाईंनी कीबोर्डवरचे हात काढले आणि मुलीला विचारलं, "तू सांग, काय झालं?"

"तिला काय विचारता? मी सांगते ते लिहा!" आई भडकली आणि तडक माझ्याकडे आली.

आयतं गिऱ्हाईक चालून आलेलं. खरं सांगतो, बाईंची जरा जिरली म्हणून मला बरंच वाटलं. असल्या तक्रारीचा मजकूर माझ्याकडे तयार असतो, फूस लावून वगैरे सगळं. नावं आणि वयं भरली की काम झालं. मुलगी माझ्यासमोरच बाकाच्या कडेला बसली होती. मध्येच ती काहीतरी बोलायला लागली. मी "एक मिनिट हं, पोरी," म्हणालो आणि प्रिंट काढली.

आठवड्याभराने वकील सांगत आले. मुलाला अटक झाली होती. वयं मीच भरली होती: तो अठरा वर्षं दोन महिन्यांचा, मुलगी सतरा वर्षं दहा महिन्यांची. अंतर मी आता कुठे बोटांवर मोजलं. मग उघडलेला डबा तसाच झाकला. मी खुर्ची ओढून बाईंजवळ गेलो.

"बाई, चुकलं माझं. पण मी नसतं लिहिलं, तर चौथ्या टेबलाने लिहिलंच असतं की."

"लिहिलं असतं," बाई म्हणाल्या. "माझ्या वेळीही असंच कुणीतरी लिहिलं."

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, ती पोर तुम्हाला काय सांगत होती?"

मी आठवून पाहिलं. तिचे ओठ हललेले आठवले, बाकी काही नाही. बाई उत्तरासाठी थांबल्या होत्या.