एका खुराड्याला दोन कुलपं

कॉन्सेप्टा,

पत्र हातात पडलं की आधी पाकीट उजेडाला धरशील, कोणी उघडून परत चिकटवलंय का ते बघायला. बघ बाई, बघ. तू गेलीस त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तुझी खोड गेली असेल असं मला वाटत नाही. स्वर्गाच्या दारात बसलेल्या सेंट पीटरलाही तू म्हणाली असशील, किल्ल्या दाखव आधी. तर, तुझी गोष्ट लिहायला घेतली आहे. तिच्यात मीही आहे, पण 'मी, मी' करत लिहायचा मला कंटाळा येतो. म्हणून स्वतःला नुसती वनमाला म्हणून तुझ्याशेजारी उभी करते. काही चुकलं तर भांडायला ये.

मरोळच्या गावठाणात कॉन्सेप्टाचं कौलारू घर होतं. खाली ती एकटी. नवरा देवाघरी, मुलगा ह्युबर्ट मस्कतला. वरच्या दोन खोल्यांत वनमाला भाड्याने राहायची. अंधेरीच्या एका कॉलेजात ती जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची, म्हणजे सोप्या मराठीत, पोरांकडून बेडूक कापून घ्यायची.

कॉन्सेप्टाचा कोणावरच विश्वास नव्हता. गवळ्याच्या दुधात ती त्याच्यादेखत बोट बुडवायची. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाच्या मागे तो मीटर वाचून निघेपर्यंत उभी राहायची. याला कारण होतं. ती नव्याने लग्न होऊन आली त्या काळात, एका सकाळी घरामागच्या भातशेतात मोजणीवाले आले. नुसतं मोजतो म्हणाले. तिच्या सासूने त्यांना ताकसुद्धा दिलं. पुढे त्या शेतावर कारखान्यांची शेडं उभी राहिली. तेव्हापासून कॉन्सेप्टाचं एक वाक्य ठरलेलं: मोजायला येतो तो न्यायलाच येतो.

चौऱ्याऐंशी साली पाऊस सरल्यावर वनमालाच्या कॉलेजने प्राणी पाळायची खोली बंद केली. दोन गिनीपिग उरले, दोन्ही माद्या. त्यांचं पुढे काय होणार हे वनमालाला पक्कं ठाऊक होतं. तिने दोघींना खोक्यात घातलं आणि घरी आणलं. आयुष्यभर कापाकापी केली, या दोघी तरी म्हाताऱ्या होऊन मराव्यात, एवढंच तिच्या मनात होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

वर जनावर ठेवायचं नाही, ही घरमालकिणीची अट. पण खोक्यात डोकावून कॉन्सेप्टा म्हणाली, परसातलं बदकांचं खुराडं आहे ना, ते देते करून.

इथेच वनमालाला पहिली शंका आली. त्या खुराड्याची कीर्ती तिला माहीत होती. दरवर्षी ऑक्टोबरात त्यात बदकं जायची, दोन महिने कोंडा खाऊन गुबगुबीत व्हायची आणि नाताळला बाटल्यांत वर्षभर साठवलेल्या बॉटल मसाल्यात शिजायची. त्या दारातून आपल्या पायांनी बाहेर आलेलं कोणी वनमालाने पाहिलं नव्हतं.

आणि या वर्षी कॉन्सेप्टाने बदकं आणलीच नाहीत.

खुराड्याचं काम मात्र तिने अंगात आल्यासारखं काढलं. आधी सगळं रिकामं करून चुना फासला. घूस खालून पोखरते म्हणून विटांवर चढवलं. मुंगसाचा पंजा आत जाऊ नये म्हणून जुनी जाळी उचकटून बारीक भोकांची ठोकली. मुंग्या चढू नयेत म्हणून, दुधाच्या कपाटाला करतात तसं, चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. वर पत्रा, पत्र्यावर गोणपाट, आत तबेल्यातून आणलेला पेंढा. एवढं करून आत एक पसरट टोप पाणी भरून ठेवला, पोहायला. वनमालाने तो बाहेर काढला. मग कॉन्सेप्टाने बसायला आडवी काठी बांधली. तीही काढावी लागली.

"पोहत नाय, काठीवर बसत नाय, मग करतात काय ह्या?"

"खातात."

"खाऊ दे," कॉन्सेप्टा म्हणाली, आणि वनमालाला तो सूर अजिबात आवडला नाही.

पुढे शंका वाढतच गेली. कॉन्सेप्टा रोज फ्लॉवरचा पाला, मक्याची पानं आणायची. एकेकीला उचलून तळहातावर जोखायची आणि मान डोलवायची. नर का नाही आणलास, म्हणून विचारायची. नावं काय ठेवायची म्हटल्यावर म्हणाली, मी नाय ठेवत नावं. बदकांनाही तिने कधी ठेवली नव्हती. नाव ठेवलं की सुरी चालत नाही, हे तिनेच पूर्वी सांगितलेलं.

वनमालाने एक कुलूप आणून खुराड्याच्या कोयंड्यात अडकवलं. कॉन्सेप्टाने ते पाहिलं. संध्याकाळी शेजारी तिचं स्वतःचं कुलूप लटकत होतं, माळ्यावरच्या भाताच्या कोठीचं, नारळाएवढं. झालं. आता एकीच्या किल्लीने खुराडं उघडेना. रोज सकाळी दोघी आपापली किल्ली घेऊन परसात यायच्या, एकमेकींच्या हातांवर डोळा ठेवून पाला घालायच्या, दोन्ही कुलपं लावायच्या आणि ओढून बघायच्या. स्वतःचं नव्हे, दुसरीचं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी वनमाला टोपली घेऊन खाली उतरली, टोपलीत वजनाचा काटा. कांदिवलीला तिची मैत्रीण अनुपमा राहायची. तिच्याकडे सण होईपर्यंत दोघींना ठेवायचं तिने ठरवलं होतं. कॉन्सेप्टाने टोपली पाहिली आणि किल्ली पोलक्यात सरकवली.

"कुठं नेतेस?"

"कांदिवलीला. मैत्रिणीकडे."

"खोटं बोलू नको, टीचर. कॉलेजात नेतेस कापायला."

मग कॉन्सेप्टाचं तोंड सुटलं. दर रविवारी काट्याला टांगून वजन करतेस, ते मला दिसत नाही? पाठीवर रंगाचे ठिपके देऊन एक नंबर, दोन नंबर करून ठेवलंस. नाव दिलं नाहीस, नंबर दिलास. मोजतो तो नेतो, हे मला तू शिकवू नकोस. यांच्यासाठी मी या वर्षी बदकं आणली नाहीत, उद्या ख्रिसमसला बाजारातली कोंबडी शिजवणार आहे, गावठाणात तोंड दाखवायची सोय नाही.

"आजारी पडल्या तर कळावं म्हणून वजन करते मी," वनमाला म्हणाली. "आणि तू रोज हातावर जोखतेस, ते?"

"तेच बघायला. तुझा काटा खरं सांगतो काय नाय ते." मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. खुराडं, नाताळ, टोपली, सगळं जुळलं. ती दोन पावलं मागे सरली. "उंदीर खाणारी वाटले मी तुला?"

वनमालाने टोपली जिन्यात ठेवली, काट्यासकट. दोघींनी कुलपं काढली, पाला घातला.

"तुझं कुलूप ने आता," कॉन्सेप्टा म्हणाली.

"आधी तुझं ने."

कोणीच नेलं नाही. शेवटी तोडगा कॉन्सेप्टानेच काढला: स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून वनमालाने एकच कुलूप आणायचं, दोन किल्ल्यांचं. एक किल्ली हिला, एक तिला. वनमाला बरं म्हणाली.

त्या दुकानावरून ती रोज जायची. सकाळी आठवायचं नाही, संध्याकाळी दुकानात गर्दी असायची. कॉन्सेप्टा सुरुवातीला विचारायची, मग तिनेही विचारणं सोडलं. नंबर एक आणि नंबर दोन पेंढ्यात लोळून लोळून म्हाताऱ्या झाल्या, एकीमागोमाग एक गेल्या, परसातल्या पेरूखाली पुरल्या. ते कुलूप आणायचं काम तेवढं राहिलं.