झोपून दाखवा

माझ्या सासूबाई माणसाला आधी मोजतात, मग बघतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी दारातच माझ्या ट्रंकेला फीत लावली. ट्रंक तीन इंचांनी मोठी निघाली. ती अकरा वर्षं शेजारणीकडे आहे, आणि शेजारीण दर वर्षी मला त्याची आठवण करून देते.

गल्लीत त्यांना सगळे फीतकाकू म्हणतात. वीस वर्षं त्या नगरपालिकेच्या घरमोजणीत रोजंदारीवर होत्या. कमरेला पोलादी फीत, पिशवीत खडूंचा डबा, आणि जिभेला हाड म्हणून नाही. मोजणीवाल्या बायका दोन-चार वर्षांत कंटाळून दुसरी कामं धरत. या मात्र चिकटून राहिल्या, कारण लोकांच्या घरात शिरून त्यांना चार शब्द सुनवायचे पैसे मिळतात अशी दुसरी नोकरी नाही, असं माझं मत आहे.

ही मोजणी कशासाठी ते मला त्यांनीच सांगितलं. माणसाला राहण्याजोगं घर कशाला म्हणायचं हे जगातल्या शहरांनी मिळून ठरवलंय. पाणी जवळ हवं, संडास धड हवा, भिंती-छप्पर पक्कं हवं, उद्या कुणी उठवून लावेल ही भीती नको, आणि एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. एकात जरी नापास झालं तरी घर अपुरं. शंभरातली किती माणसं अशा अपुऱ्या घरांत राहतात तो आकडा प्रत्येक शहर वर पाठवतं, आणि दर मोजणीला तो खाली आलेला दिसावा अशी सगळ्यांची इच्छा असते. इच्छा चांगलीच आहे. पण आकडा घरं बांधूनही खाली येतो आणि नुसतं पेन चालवूनही येतो, तिथे घोडं पेंड खातं.

फॉर्मवर 'खोल्या किती' यापुढे एक छोटा चौकोन असतो. बाकीचे मोजणीदार दारातून विचारत, सांगितलेला आकडा त्यात टाकत आणि पुढे जात. सासूबाई चपला काढून आत शिरत आणि म्हणत, "झोपून दाखवा." भर दुपारी. रात्री जो जिथे झोपतो त्याने तिथेच आडवं व्हायचं, आणि या प्रत्येकाभोवती खडूने रेघ ओढणार. "तोंडाने माणूस खोटं बोलतो, पाठ टेकली की खरं बाहेर येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका घरी आजोबा खरोखरच झोपले आणि उठेनात. दुसऱ्या घरी जावयाचे गुडघ्यापासूनचे पाय गल्लीत आले. सासूबाईंनी शेरा लिहिला : 'पाय घराबाहेर.' जावई आठवडाभर सासुरवाडीला फिरकला नाही.

आणि या बाईंच्या स्वतःच्या घराचं माप खोटं होतं.

आमचं घर म्हणजे बारा बाय दहाची एक खोली. माझे वडील स्थळ बघायला आले त्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी लोखंडी कपाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आडवं लावलं आणि वडिलांना सांगितलं, "दोन खोल्या आहेत." वडील साधे. पोरीला दोन खोल्या मिळणार म्हणून खूश होऊन परत गेले. दुसरी खोली कपाटापाशी सुरू होते आणि वळायच्या आत संपते, हे मला लग्नानंतर कळलं. मीही काही कमी नाही. अकरा वर्षं मी त्यांना विचारत आले, "आई, हा डबा आतल्या खोलीत ठेवू की बाहेरच्या?" एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या सासूबाई तेव्हा डबा माझ्या हातातून घेऊन स्वतःच ठेवून देत.

कपाटाआड मी, नवरा आणि आमची मुलगी. कपाटाच्या अलीकडे सासरे आणि दीर. सासूबाई कपाटाला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन, बसूनच झोपत. आडवं झालं की श्वास कोंडतो, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्यांच्यासाठी दोनदा छातीचं औषध आणलं. दोन्ही बाटल्या त्यांनी न बोलता संपवल्या.

आठ वर्षांपूर्वीच्या मोजणीत त्यांना स्वतःच्या घराचाही फॉर्म भरावा लागला. नेमके तेव्हा माझे वडील नात बघायला आलेले, समोरच चहा घेत बसलेले. सासूबाईंचं पेन त्या चौकोनावर थांबलं. मग त्यांनी लिहिलं : दोन. सहा माणसं, दोन खोल्या, म्हणजे खोलीला तीन. घर काठावर पास. त्या एका घरात त्यांनी कुणालाही झोपून दाखवायला सांगितलं नाही.

यंदाची मोजणी मात्र साधी नव्हती. आमच्या गल्लीमागे एक मोकळं मैदान आहे. ज्या गल्लीतली निम्म्याहून जास्त घरं अपुरी ठरतील, तिच्यासाठी त्या मैदानावर नवी घरं होणार होती. गल्ली पुरेशी ठरली तर तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार. साठ घरांच्या गल्लीत सासूबाईंनी आमचं सोडून सगळी घरं झोपवून काढली; आमच्या फॉर्मवर जुनाच 'दोन' पुन्हा लिहिला. त्रेचाळीस नापास. गल्लीत लोक नापास झाल्याचा असा आनंद करत होते की शाळेतल्या पोरांना वाटलं आपलंही आता चालेल.

फॉर्म कचेरीत गेले आणि तिसऱ्या दिवशी साहेबांनी सासूबाईंना बोलावलं. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांच्या वरच्या साहेबांना आकडा खाली हवा होता, आणि वरच्यांच्याही वर कुणीतरी होतंच.

"काकू, खोलीची व्याख्या बदलली आहे," ते म्हणाले. "ज्याच्या आड उभं राहून कपडे बदलता येतात, ती खोली. पडदा, कपाट, फळी, काहीही चालेल."

"मग छत्री पण खोलीच," सासूबाई म्हणाल्या.

"थट्टा नको. या हिशेबाने तुमच्या गल्लीत अकराच घरं अपुरी राहतात. सुधारून सही करा."

"माणसं तेवढीच, जमीन तेवढीच. सुधारलं काय?"

साहेबांनी कपाटातून एक जुना कागद काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. आमच्याच घराचा फॉर्म. "कपाटाची खोली आम्ही शोधून काढली नाही, काकू. तुम्ही काढलीत. ही तुमची सही. तुमचंच बघून आम्ही नियम केला. आता हा फॉर्म खोटा म्हणत असाल तर खोटा फॉर्म भरणाऱ्याला कामावर ठेवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

त्या दिवशी सासूबाई घरी आल्या आणि त्यांनी फीत खुंटीला लावली. दोन दिवस घरात काही मोजलं गेलं नाही. तांदूळही मीच अंदाजाने घेतले. मला भीती वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"तुझ्या वडिलांशी मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "तेवढंच असतं तर निभावलं असतं. आता त्या खोट्याखाली बत्तीस घरं दबतायत."

"आई, मला ते अकरा वर्षं माहीत आहे. आता कचेरीत सांगा."

नवरा कपाटाआडून ओरडला, "घरातली लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत! आणि आईची नोकरी गेली म्हणजे?"

"तू आतल्या खोलीतून बोलतोयस की बाहेरच्या?" मी विचारलं. पहिल्यांदाच सासूबाई त्यावर हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मला माझ्या अकरा वर्षांच्या टोमण्यांची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात कचेरीच्या मोठ्या सभागृहात बैठक होती. शहरांचे आकडे तपासायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून आमच्या गल्लीलाही बोलावणं होतं. पडद्यावर साहेब एक रेघ दाखवत होते. रेघ छान उतरत होती. आमची गल्ली पुरेशी झाल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सासूबाई उठल्या.

त्यांनी भाषण केलं नाही. पुढे गेल्या, दोन खुर्च्या सरकवल्या आणि फीत सोडली. बारा बाय दहा. गुडघ्यावर बसून त्यांनी त्या गुळगुळीत फरशीवर खडूने आमचं घर काढलं. इथे दार, इथे शेगडी, इथे पाण्याचं पिंप, हे कपाट.

"काकू, फरशी खराब होतेय," साहेब म्हणाले.

"पुसता येते," सासूबाई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून त्यांनी घरोघरी म्हणत तेच म्हटलं. "झोपून दाखवा."

सासरे गुडघा धरत आधी गेले. त्यांच्यामागे दीर. मुलगी तर पळतच गेली. नवरा खुर्चीतून हलेना. मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो उभाच राहिला. दोनशे माणसांसमोर मी आडवी झाले. कुणी हसलं. मी मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा हसला नाही. आयुष्यात मला एवढं ताठ कधी वाटलं नव्हतं, आणि मी झोपलेली होते!

सासूबाईंनी प्रत्येकाभोवती रेघ ओढली. मग त्या खडूच्या कपाटाला पाठ लावून पाय पोटाशी घेऊन बसल्या. बाहेरून आलेल्या बाई खुर्चीतून उठून खडूच्या दारापाशी आल्या.

"तुम्ही कुठे झोपता?"

"ही काय, अशी."

"बसून? का?"

श्वासाचं उत्तर मला पाठ होतं. मी मनातल्या मनात ते म्हटलंसुद्धा.

"जागा नाही म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही चौघं होतो तेव्हा पुरत होती. सून आली आणि एक जागा कमी पडली. मी तिला आणली होती दोन खोल्या सांगून. मग जागा मी नाही सोडायची तर कुणी?"

मी छताकडे बघत पडून राहिले. त्या दोन औषधाच्या बाटल्या माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. चांगल्या माणसाने असलं औषध फुकट प्यावं आणि वर कडू म्हणून तक्रारही करू नये!

"पण फॉर्मवर दोन खोल्या आहेत," साहेब म्हणाले.

"तो मी खोटा भरला. आणा इकडे."

त्यांनी फॉर्म फरशीवर ठेवला, 'दोन' खोडून 'एक' केलं, शेजारी सही केली आणि साहेबांच्या हातात दिला. "आता मला कामावरून काढा. पण माझं खोटं माझ्या घरापुरतं होतं. त्याचा नियम करून गल्लीला लावू नका." मागून आमच्या शेजारणीने, त्याच ट्रंकवालीने, ओरडून सांगितलं, "आमचं घरही काढा की फरशीवर!" आणि साठ घरं खुर्च्या सरकवायला लागली.

बाहेरून आलेल्या बाईंनी त्या दिवशी सात घरं बघितली. आठव्याला खडू संपला. नवी व्याख्या मागे घ्यावी असं त्यांनी लिहिलं. महिन्याने निकाल आला : चव्वेचाळीस घरं अपुरी. त्रेचाळीसचे चव्वेचाळीस कसे झाले, असं कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, तेव्हा सासूबाईंनी छाती पुढे काढून सांगितलं, "ते एक आमचं." मैदानावर अजून वीट पडलेली नाही, पण गाड्याही उभ्या राहिलेल्या नाहीत. दर सोमवारी सासूबाई कचेरीत जाऊन विचारतात. नोकरी गेली, त्यामुळे आता त्यांना वेळच वेळ आहे, आणि साहेबांना सोमवार आवडेनासा झालाय.

निकाल आला त्या दुपारी मी कपाट रिकामं केलं. मी आणि दिराने ते ढकलत ढकलत बाहेर काढलं आणि शेजारणीच्या दारात नेऊन ठेवलं, ट्रंकेला सोबत म्हणून.

"अगं, तुम्हा दोघांना आडोसा नको?" सासूबाई कुजबुजल्या.

"मध्ये नऊ वर्षांची पोर झोपते. कसला आडोसा घेऊन बसलात! झोपून दाखवा."

"मी?"

"मग काय, साहेब?"

कपाटाच्या जागी त्या आधी बसल्या. मग एक हात टेकून हळूहळू आडव्या झाल्या. पाय लांब करायला त्यांना वेळ लागला. गुडघे विसरले होते. मी खुंटीवरची फीत घेतली आणि टाचेपासून डोक्यापर्यंत लावली. पाच फूट एक इंच. मी खडूने त्यांच्याभोवती रेघ ओढली.

"मोजू नकोस गं, मी काही मेलेली नाही," त्या डोळे मिटून म्हणाल्या. रेघ पुरी व्हायच्या आतच त्यांना झोप लागली. श्वास अगदी मोकळा चालला होता.