मी पडले नाही

"नीट पड. आमच्या पायाशी राहायची सवय असतेच तुम्हा लोकांना."

हे तो मराठीत म्हणाला, हसत हसत. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या त्या हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच. बाकीच्यांना वाटलं, सीनियर धीर देतोय.

तो पुण्याचा. मी नांदेडकडची. एकाच कार कंपनीत, तो माझ्या वर. ऐकिडो ह्या जपानी मार्शल आर्टच्या क्लासात पहिल्याच दिवशी त्याने आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला, तेही. हवं ते कळलं त्याला. तेव्हापासून मी त्याची पडायची बाई.

ऐकिडोत एक फेकतो, दुसरा पडतो. पडणंही शिकावं लागतं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात मॅटवर सपकन. म्हणजे डोकं आपटत नाही. चार वेळा झालं की पाळी बदलायची, असा नियम. माझी फेकायची पाळी आली की ह्याला नेमकी तहान लागायची. दीड वर्ष मी पडले. खांदे काळेनिळे. आणि मूर्खासारखी खूश, की आपण शिकतोय. मास्टरांना म्हटलं, मलाही परीक्षेला बसवा. ते म्हणाले, तुझ्या सीनियरला विचार. तो म्हणाला, अजून तयार नाही.

त्याच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला त्याने जोडीला मलाच घेतलं. ते वाक्य टाकलं आणि हात पुढे केला.

मी धावत जाऊन मनगट धरलं. त्याने कंबर वळवली. मी पाय रोवले. त्याने परत ओढलं. हिसडा दिला. कानापर्यंत लाल झाला. मी उभीच. दीड वर्षांनी डोक्यात उजेड पडला. ह्याला फेकता येतच नव्हतं. मीच पडत होते.

मास्टरांनी विचारलं, काय झालं. माझी तमिळ मोडकी, भाजीवाल्या अक्कांकडून शिकलेली. त्याच तमिळमध्ये त्याचं वाक्य सगळ्यांना सांगितलं. मास्टर मॅटकडे बघत म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी असं करायचं नसतं, मा."

"मग कुठल्या दिवशी करायचं?"

त्यांनी पुढच्या जोडीला मॅटवर बोलावलं.

सोमवारी ऑफिसात दोन सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, माफी माग, तुझं प्रमोशन त्याच्या हातात आहे. असू दे. नाही मागणार. पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी स्वतः भरून मास्टरांच्या हातात दिलाय. क्लास सोडणार नाही. मला नाही म्हणायचं असेल, तर सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळेल अशा भाषेत म्हणा. आणि कारण सांगा.