आभाराचे दोन हॉर्न

माझ्या पिकअपच्या मागे अडकलेला माणूस मला शिव्या घालतो, हे मला आरशात दिसतं. तोंड हलतं, हात उडतात. घालू दे. अमडापूरहून चिखलीच्या बाजारात वांगी, टमाटे, कोथिंबीर नेता नेता माझी सतरा वर्षं गेली, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मी कुणाला साईड दिलेली नव्हती. ज्याला जायचं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघून जावं. स्टँडवरची मंडळी म्हणायची, याच्या मागे वरात लागली तर नवरदेव म्हातारा होईल. मीही हसायचो.

जे या रस्त्यांवर गाडी चालवत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लायसनच्या परीक्षेत काहीही शिकवू देत, आमच्याकडे भरलेल्या गाडीनं सरळ जाता जाता उजवा इंडिकेटर लावला की मागचा समजतो, पुढे रस्ता मोकळा आहे, निघा. याला साईड देणं म्हणतात. मागच्याला आमच्या क्रेटच्या थप्पीपलीकडचं काही दिसत नसतं. तो केवळ आमच्या भरवशावर बाहेर पडतो, आणि पुढे जाता जाता दोन बारीक हॉर्न वाजवतो. ते आभार. मला हा रिवाज फार आवडायचा. एकमेकांचं तोंडही न बघता दोन माणसं इतका विश्वास ठेवतात, याचं मला कौतुक वाटायचं.

मला हे वडिलांनी शिकवलं. ते टेम्पो चालवायचे. कडक माणूस, पण शिव्या देणारा नव्हे. मी पहिल्यांदा घाईत साईड दिली तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाले, "आंधी पुरा रस्ता पाह्य, मंग बटन दाब. तो तुह्या डोळ्यानं पाहून राह्यला." त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांतली. मला निघायला उशीर झाला होता, लिलाव सुरू व्हायची वेळ झाली होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं. मागे एक मोटरसायकल लागली. तिचा हॉर्न थांबेना. आरशात पाहिलं तर माझ्याच वयाचा एक जण, मागे हिरव्या लुगड्यातली बाई, तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. पुढे वळण होतं आणि वळणाच्या आतल्या अंगाला माणसापेक्षा उंच मका उभा होता. मी आरशात बघत बघतच मनात म्हणालो, जा बाबा, जा एकदाचा. आणि उजवा इंडिकेटर लावला.

मी पुढे बघितलं नव्हतं. एवढंच. माझा सगळा गुन्हा या एका वाक्यात मावतो.

मोटरसायकल बाहेर निघाली. माझ्या खिडकीशी आली तेव्हा त्या बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीच्या माणसाकडे बघून हलवावी तशी मान हलवली. दोन हॉर्न वाजले. तेवढ्यात मक्याआडून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला. त्याला चुकवायला मोटरसायकल थेट पलीकडच्या कडेला गेली आणि वळणालगतच्या पुलाच्या कठड्यावर आदळली.

ट्रॅक्टरवाल्याच्या मदतीनं क्रेट रस्त्यावर उतरवून मी दोघांना मागे घेतलं आणि दवाखान्यात नेलं. बाई, त्या मोटरसायकलवाल्याची बायको, तिसऱ्या दिवशी गेली. त्याचा पाय वाचला, पण गुडघ्यात वाकत नाही.

चौथ्या दिवशी मी त्याला खरं सांगायचं ठरवून गेलो. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. मी खाटेशी पोचलो आणि त्यानं माझा हात धरला. भोवती त्याची सगळी मंडळी होती. त्यांना तो म्हणाला की पुढच्या गाडीनं साईड बरोबर दिली होती, आपणच निघायला हळू पडलो, आणि या भाऊनं उचललं म्हणून आपण आहोत. पोलिसांनाही त्यानं हेच सांगितलं होतं. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते. अपघात तर क्षणात झाला. गप्प मात्र मी विचार करून राहिलो.

मग त्याचं मला मान देणं सुरू झालं. ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यानं मला पहिल्या खुर्चीवर बसवलं, तिच्या फोटोला फूल वाहायला लावलं. फोटोतली बाई त्याच नजरेनं बघत होती. पुढे त्यानं वळणाच्या अलीकडे फाट्यावर टपरी टाकली. रोज सकाळी माझी गाडी दिसली की तो हात वर करायचा. मलाही करावा लागायचा. तिथून पुढे वळण लागलं की मला दोन हॉर्न ऐकू यायचे. मागे कुणी असो वा नसो. कितीदा गाडी थांबवून, उतरून मागे पाहिलं. रिकामा रस्ता आणि मका. घरी बायको म्हणायची, रस्ता बदला. पण रस्ता बदलला तर तो विचारणार, काऊन बदलला. त्याला काय सांगणार होतो मी?

गेल्या हंगामात एका सकाळी त्यानं हात वर केला तो गाडी थांबवायला. पाय दाखवायला चिखलीला जायचं होतं. मी त्याला शेजारी बसवलं. फाटा सुटतो न सुटतो तोच मागे एक मोटरसायकल लागली. हॉर्नवर हॉर्न. समोर तेच वळण, तसाच मका.

"द्या ना साईड," तो म्हणाला. "काऊन अडवून राह्यले त्याले?"

"पुढचं दिसत नाही."

"दिसत नाही तं नका देऊ."

मी गाडी हळू केली. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"भाऊ," मी म्हणालो, "त्या दिवशी बी दिसत नव्हतं. मी पाह्यलंच नव्हतं. तुमच्या हॉर्नचा राग आला आन् बटन दाबलं."

वळण गेलं, पूल गेला. कठड्याचा नवा सिमेंटचा तुकडा माझ्या बाजूच्या खिडकीतून मागे सरला. शेजारी बघायची माझी हिंमत नव्हती. पुढे सरळ रस्ता लागला, दूरच्या बाभळीपर्यंत मोकळा. मागचा अजून हॉर्न वाजवत होता.

"आता दिसते," तो म्हणाला. "द्या त्याले."

मी पुरा रस्ता पाहिला. परत एकदा पाहिला. मग सहा वर्षांनी उजवा इंडिकेटर लावला. मोटरसायकल पुढे गेली आणि दोन हॉर्न वाजले. यावेळी ते आम्ही दोघांनीही ऐकले.

समोरच्या रस्त्याकडे बघत तो म्हणाला, "मले सवय नव्हती थे हॉर्न वाजवाची. तिनं लावली. कोनं साईड देल्ली का मांगून पाठीवर दोनदा हात मारे. म्हणे, वाजवा, त्यानं आपल्यासाठी रस्ता पाह्यला."

चिखलीत तो उतरला. दार हळू लावलं. परत येताना मी दवाखान्यापाशी थांबलो, तर तो दुसऱ्या गाडीनं निघून गेला होता.

टपरी अजून तिथंच आहे. मी रोज सकाळी जातो. त्याला माझी गाडी लांबून कळते, तो मान वर करून बघतो. हात वर करत नाही. वळणावर आता मला हॉर्न ऐकू येत नाहीत, पाठीवर मात्र कुणीतरी दोनदा हात मारतं.